ओठ जागा राहिला, डोळा बधिर झाला : एका दातांच्या दवाखान्याविषयी

खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेच्या रूट कॅनालसाठी मी गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका दातांच्या दवाखान्यात एकूण चार वेळा गेलो. पहिल्याच भेटीत भुलेचे इंजेक्शन दिल्यावर मिनिटभरात मला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, आणि सुमारे सव्वादोन तासांनी त्या पुन्हा एक झाल्या. दाढेचे काम पुढे त्याच दवाखान्यात पूर्ण झाले आणि आज त्या दाढेने मी शेंगदाणे खातो. त्यामुळे हा अभिप्राय दाढेविषयी कमी आणि त्या सव्वादोन तासांविषयी, तसेच त्यानंतर कागदावर जे लिहिले गेले व जे लिहिले गेले नाही त्याविषयी अधिक आहे. दवाखान्याचे नाव मी देत नाही. जे घडले ते कोणाही कुशल दंतवैद्याच्या हातून घडू शकते असे मला नंतर नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, आणि नाव दिले की वाचणारा नावापाशीच अडकतो.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे; बावीस वर्षे दुसऱ्यांच्या छापील चुका शोधून पोट भरतो. डोळ्यांविषयी मी जरा अधिकच हळवा असेन, तर त्याचे कारण एवढेच.

दवाखान्याच्या नेहमीच्या बाबी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत तक्रारीला जागा नाही. जागा लहान पण स्वच्छ आहे, हत्यारे बंद पाकिटातून माझ्यासमोर काढली गेली, सुई नवी होती, अकराची वेळ दिली होती आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी मी खुर्चीत होतो. रूट कॅनाल आणि कॅप यांचा एकूण खर्च आधीच लेखी दिला गेला आणि शेवटी एक रुपयानेही वाढला नाही. जिना चढताना गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र विचार करावा, लिफ्ट नाही.

आता मूळ गोष्ट. त्या दिवशी खुर्चीपाशी ज्या डॉक्टर होत्या त्या वयाने तरुण, बोलण्यात मृदू होत्या. “काका, मुंगी चावल्यासारखं वाटेल,” असे म्हणून त्यांनी माझ्या जबड्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, अक्कलदाढेच्याही पलीकडे, सुई टोचली. टोचल्याचे फारसे कळले नाही. पण औषध आत सुटू लागले त्याच क्षणी एक तिखट कळ गालातून वर चढून डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे सर्रकन गेली. मी हात वर केला, तोवर सिरिंजचा दट्ट्या तळाशी पोहोचला होता. सगळे मिळून दहा-बारा सेकंद लागले असतील. डोळे उघडले तेव्हा खुर्चीवरच्या दिव्याला जोडीदार मिळालेला होता, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक वार दोनदा होता. पहिल्यांदा वाटले, चष्मा काढून ठेवल्यामुळे असे होत असेल. चष्मा लावला, तर तीच दोन चित्रे अधिक ठसठशीत झाली.

दंतवैद्यकात ज्याला चांगली भूल म्हणतात तिची पहिली खूण खालचा ओठ जड होणे ही असते. माझा ओठ पाच मिनिटांनीही पूर्ण जागा होता. डोळा मात्र बधिर झाला होता. हा विरोधाभास मी डॉक्टरांना सांगितला तेव्हा त्या गोंधळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसले की असे काही त्यांनी यापूर्वी पाहिलेले नव्हते. पण त्यांनी एक गोष्ट ताबडतोब केली, जी न करण्याचा मोह पुष्कळांना होतो : त्या थांबल्या. दुसरे इंजेक्शन दिले नाही, “होतं असं कधी कधी” असे म्हणून काम पुढे रेटले नाही, आणि शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणले.

मोठ्या डॉक्टरांनी पुढच्या चार मिनिटांत जे केले त्यासाठी या दवाखान्याला मी पूर्ण गुण देतो. त्यांनी आधी माझा एक डोळा हाताने झाकून विचारले, मग दुसरा. कोणताही एक डोळा झाकला की वस्तू एकच दिसत होती. म्हणजे दोन्ही डोळ्यांची नजर स्वतंत्रपणे शाबूत होती, बिघडली होती ती त्यांची जोडी. मग त्यांनी बोट समोर धरून डावीकडे-उजवीकडे फिरवले. उजवीकडे पाहताना दोन बोटे जवळजवळ येऊन एकमेकांवर बसत आणि डावीकडे पाहताना लांब लांब जात, कारण डावा डोळा मध्यापलीकडे बाहेर वळतच नव्हता. बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाहुल्या तपासल्या, डाव्या डोळ्याने एकट्याने बोटे मोजायला लावली, पापणी मिटते का पाहिले, रक्तदाब घेतला. डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढी त्वचा पांढरीफटक पडली होती, तीही त्यांनी सहायिकेला दाखवली. नंतर स्टूल ओढून समोर बसले आणि म्हणाले, “काका, औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं आणि तिथून डोळ्याच्या एका स्नायूपर्यंत पोहोचलं. नजर शाबूत आहे. दोनेक तासांत हे ओसरायला हवं. तोवर इथून हलायचं नाही, आणि स्कूटरची किल्ली माझ्याकडे द्यायची.”

किल्ली खरोखरच त्यांच्या टेबलाच्या खणात गेली. माझ्या डाव्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून चिकटपट्टी लावली गेली. एका डोळ्याने जग सपाट दिसत असले तरी ते एकच दिसते, आणि दोन दिसण्याने जी मळमळ सुरू झाली होती ती त्यामुळे थांबली. मुद्दाम नोंदवतो, कारण कोणावर ही वेळ आलीच तर सर्वांत तातडीचा, सर्वांत स्वस्त आणि लगेच गुण देणारा उपाय हाच आहे.

बायकोला बोलावून घेतले होते. ती आली, माझी पट्टी पाहिली आणि म्हणाली, “अहो, दात दाखवायला आला होतात ना?” या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. नंतर नेत्रतज्ज्ञांकडून आणि थोड्या वाचनातून जे समजले ते येथे सविस्तर लिहितो, कारण दवाखान्याच्या अभिप्रायांत ते सहसा सापडत नाही.

खालच्या दाढांसाठी एकेका दाताजवळ औषध सोडून भागत नाही. तेथील हाड जाड आणि घट्ट असते. म्हणून जबड्याच्या आतल्या बाजूस, जेथे त्या अर्ध्या जबड्याचा मुख्य मज्जातंतू हाडात शिरतो, तेथे औषध पोहोचवावे लागते. त्यासाठी सुई वीस ते पंचवीस मिलिमीटर आत जाते. अडचण अशी, की तो मज्जातंतू एकटा राहत नाही. त्याच्या अंगालगत त्याच नावाची रोहिणी आणि नीला असतात. दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत असे दिलेले आहे, की या ठिकाणी टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहिला, तर शंभरांपैकी दहा ते पंधरा वेळा सिरिंजमध्ये रक्त दिसते, म्हणजे सुईचे टोक रक्तवाहिनीत असते. इतर जागांच्या मानाने हे प्रमाण मोठे आहे.

सुई रोहिणीत असताना औषध जोराने सोडले, तर दट्ट्याचा दाब रोहिणीतल्या रक्ताच्या दाबावर मात करतो आणि औषध प्रवाहाच्या उलट दिशेने मागे रेटले जाते. जबड्याच्या रोहिणीतून ते मोठ्या मॅक्झिलरी रोहिणीत येते. तेथून एक फांदी कवटीच्या आत मेंदूच्या आवरणाकडे जाते, आणि त्या फांदीचे काही बारीक धागे डोळ्याच्या खोबणीतल्या, अश्रुग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीला जाऊन मिळतात. हीच रोहिणी डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या लॅटरल रेक्टस या स्नायूलाही रक्त देते. कोणाकोणात हा जोडरस्ता रुंद असतो, कोणात नुसता नावापुरता, आणि काही थोड्या माणसांत डोळ्याचा मुख्य रक्तपुरवठाच या बाजूने येतो. बाहेरून पाहून हे कोणालाही सांगता येत नाही. माझ्या बाबतीत ती कळ, पांढरी पडलेली त्वचा, काही क्षणांत सुरू झालेली लक्षणे आणि जागा राहिलेला ओठ या चारही गोष्टी या रस्त्याकडे बोट दाखवतात, असे नेत्रतज्ज्ञ म्हणाले. औषध जेथे हवे होते तेथे थांबलेच नाही, मग ओठ बधिर होणार कसा?

दुसरा रस्ता नीलांचा आहे. जबड्याच्या मागे, वरच्या दाढांच्या पाठीशी, नीलांचे एक दाट जाळे असते आणि त्याचा संबंध कवटीच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनस नावाच्या रक्ताने भरलेल्या पोकळीशी येतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंना क्रमांक दिलेले आहेत; त्यांपैकी डोळा हलवणारे तिसरे, चौथे आणि सहावे मज्जातंतू तिच्यातून किंवा तिच्या भिंतीतून जातात. सहावा तर थेट पोकळीतूनच जातो, म्हणून त्याला झळ आधी बसू शकते. तिसरा रस्ता रक्तवाहिन्यांचा नाहीच. वरच्या शेवटच्या दाढेमागे दिलेले औषध नुसते झिरपत झिरपत, हाडांमधल्या फटींतून वर चढून, डोळ्याच्या खोबणीत शिरू शकते. अशा वेळी लक्षणे क्षणात न येता काही मिनिटांनी येतात आणि भूल उत्तम लागलेली असते. माझ्यासारख्याला ओठ जागा असल्याची तक्रार तरी करता आली. तेथे तीही सोय नाही.

लक्षणेही सगळ्यांना सारखी नसतात. सर्वांत जास्त आढळते ते एकाचे दोन दिसणे. कोणाची पापणी खाली पडते, कोणाची बाहुली रुंदावते आणि जवळचे अक्षर धूसर होते, कोणाची उलट बारीक होते. याहून वेगळा एक प्रकार असा, की सुई फार मागे गेल्यामुळे औषध कानापुढच्या लाळग्रंथीत उतरते आणि त्यातून जाणारा चेहऱ्याचा मज्जातंतू काही तास झोपतो. मग तोंड वाकडे होते आणि डोळा मिटता येत नाही. येथे नजरेला धोका नसतो, पण उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडू नये म्हणून पापणी हाताने मिटून वर पट्टी लावावी लागते.

ज्या एका लक्षणाला वाट पाहणे चालत नाही ते म्हणजे एका डोळ्याने दिसणेच बंद होणे. बहुतेक रुग्णांत तेही काही मिनिटांत किंवा तासांत परत येते. परंतु दृष्टी कायमची गेल्याच्या मोजक्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. औषधाबरोबर असलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि डोळ्याच्या पडद्याला रक्ताविना काही तासही काढता येत नाहीत. तेव्हा दंतवैद्याच्या खुर्चीत डोळ्यापुढे काळोख झाला तर घड्याळ लावून बसू नये. सरळ नेत्ररुग्णालय गाठावे. एकाचे दोन दिसणे मात्र थांबून पाहता येते, आणि सहा तासांपलीकडे टिकले तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे असा सर्वसाधारण सल्ला आहे.

जाता जाता एक विषयांतर. स्थानिक भुलेचा आधुनिक इतिहास डोळ्यापासूनच सुरू होतो. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवले, आणि त्यानंतर काही महिन्यांच्या आत न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी तेच द्रव्य जबड्याच्या त्या मज्जातंतूपाशी टोचून पाहिले, जेथे मला टोचले गेले. आज वापरले जाणारे लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आहे. डोळ्यातून जबड्यात आलेले हे तंत्र माझ्या बाबतीत पुन्हा मूळ गावी गेले म्हणायचे. मराठीने या क्रियेला ‘भूल’ हा शब्द दिला आणि चुकीलाही तोच ठेवला, याचे मला इतक्या वर्षांत प्रथमच कौतुक वाटले.

पावणेएकच्या सुमारास डॉक्टरांनी पट्टी काढून पाहिले. दोन दिवे अजून होते, पण एकमेकांना खेटले होते. दीड वाजता समोर पाहताना एकच दिवा आणि फक्त डावीकडे पाहताना दोन. पावणेदोनच्या पुढे दिनदर्शिकेतले वार सुटे सुटे, एकेक, जागच्या जागी. बायकोने स्कूटर तेथेच ठेवायला लावली आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

येथपर्यंत हा अभिप्राय पाच ताऱ्यांचा आहे. तारे कमी होतात ते यानंतर.

निघताना मी विचारले होते, की डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला हवे का. “आता सगळं ठीक आहे, गरज नाही,” असे उत्तर मिळाले. वैद्यकीयदृष्ट्या ते अगदीच चूक नसेल. पण ज्याचे पोट अक्षरांवर आहे त्या माणसाचे समाधान या वाक्याने होत नाही, आणि एक चिठ्ठी लिहून देण्याने दवाखान्याचे काही बिघडले नसते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासला, स्नायूंची हालचाल तपासली, सर्व सुरळीत असल्याचे सांगितले आणि मग चार प्रश्न विचारले : कोणते औषध, किती, कोणत्या बाजूला, किती वाजता? मी मोठ्या विश्वासाने दवाखान्याचा केसपेपर पुढे केला. त्यावर इंग्रजीत दोन वाक्ये होती. मराठीत सांगायचे तर ‘स्थानिक भूल दिली. उपचार पुढील भेटीत.’

नेत्रतज्ज्ञांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हते.

माझ्या कामात गाळलेला शब्द हा चुकलेल्या शब्दापेक्षा वाईट मानतात. चुकलेला शब्द डोळ्यांना खुपतो. गाळलेला शब्द खुपत नाही, वाक्य त्याच्याशिवायही वरवर पुरे वाटते, आणि म्हणून तो पुस्तकात तसाच जातो. त्या केसपेपरमधून माझे सव्वादोन तास गाळले गेले होते. उद्या मी दुसऱ्या गावी, दुसऱ्या दंतवैद्याकडे गेलो, तर त्याला तो कागद एवढेच सांगणार होता की एका रुग्णाला भूल दिली आणि काही कारणाने काम दुसऱ्या दिवसावर गेले. ज्या हातांनी माझी बाहुली, पापणी, रक्तदाब इतक्या नीटपणे तपासले त्यांनी त्यातले एक अक्षरही लिहिले नव्हते. हे मी बेफिकिरीचे लक्षण मानत नाही. भीतीचे असावे. लिहिले म्हणजे कबूल केले, असा एक समज आपल्याकडील लहान दवाखान्यांत आहे, आणि ग्राहक आयोगाच्या धास्तीने तो अधिक घट्ट झाला आहे. प्रत्यक्षात वेळेसह लिहिलेली नोंद हाच त्या डॉक्टरांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा ठरला असता.

संमतिपत्राविषयीही लिहायला हवे, कारण परिचितांपैकी दोघांनी मला “त्यांनी आधी सांगायलाच हवं होतं” असे ठामपणे ऐकवले. मी सही केलेल्या छापील कागदावर सूज, वेदना, रक्तस्राव आणि बधिरपणा यांचा उल्लेख होता, डोळ्याचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात संमतीविषयी जे तत्त्व सांगितले त्यात रुग्णाला पुरेशी माहिती देणे आवश्यक मानले आहे. पण ज्या दूरच्या शक्यता रुग्णाला केवळ घाबरवतील त्या प्रत्येक वेळी सांगण्याची सक्ती केलेली नाही. मला ते पटते. रूट कॅनालला आलेल्या प्रत्येकाला ‘एकाचे दोन दिसतील, कदाचित दृष्टी जाईल’ असे सांगू लागलो तर निम्मे लोक दुखती दाढ घेऊन घरी परततील, आणि कुजलेल्या दाढेचा संसर्ग हा या दुर्मीळ प्रकारापेक्षा पुष्कळ अधिक जणांना छळतो. माझी अपेक्षा याहून साधी होती. सुई टोचण्यापूर्वी ‘काही वेगळं वाटलं, कळ आली, डोळ्याला काही झालं, तर लगेच हात वर करा, मी थांबेन’ एवढे वाक्य, आणि हात वर केल्यावर खरोखर थांबता येईल इतका वेग.

वेगाविषयी माझी तक्रार कायम आहे. जाणकारांच्या मते एक मिलिलिटर औषध सोडायला सुमारे एक मिनिट लागले पाहिजे. दहा-बारा सेकंदांत दिलेले इंजेक्शन वेळ वाचवत नाही. माझ्या बाबतीत तर त्याने अख्खी सकाळ खाल्ली.

चार दिवसांनी मी हे सर्व प्रश्न एका कागदावर लिहून दवाखान्यात गेलो. भांडायला नव्हे, स्कूटरही आणायची होती. तरुण डॉक्टरांना मी विचारले, की औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून पाहिला होता का. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “ओढला होता, काका. पण एकदाच, आणि पटकन.” मला हे उत्तर आवडले. “हो, नक्कीच” असे म्हणणे फार सोपे होते. मोठ्या डॉक्टरांनी त्यात भर घातली, की ओढून रक्त दिसले नाही म्हणजे सुई बाहेरच आहे अशी खात्री नसते. सुईचे तोंड रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटलेले असले तर रक्त येत नाही, सुई फार बारीक असली तरी ते चटकन ओढले जात नाही, आणि रुग्णाने किंवा डॉक्टरने मध्येच जरा हालचाल केली तर टोक आत घुसते. म्हणून सुईचे तोंड थोडे फिरवून दुसऱ्यांदा ओढायचे, आणि औषध सोडत असतानाही मध्ये एकदा.

केसपेपरवरील गाळलेल्या मजकुराचा विषय काढला तेव्हा मात्र खोलीतली हवा बदलली. “त्याची काय गरज?” असे आधी, मग “बघतो” असे, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर “पुढच्या वेळी देतो” असे उत्तर आले. तीन वेळा मागावे लागणे ही माझ्या हिशेबात या दवाखान्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

तरी मी दुसऱ्या दंतवैद्याकडे गेलो नाही. माझा विचार असा होता, की हा प्रसंग ज्यांनी स्वतः पाहिला ते दोघे पुण्यातील इतर कोणाहीपेक्षा माझ्या जबड्याशी अधिक जपून वागतील. तो विचार बरोबर ठरला. पुढच्या आठवड्यात इंजेक्शन मोठ्या डॉक्टरांनी दिले, या वेळी मोठ्या बाटलीतून भरलेल्या साध्या सिरिंजऐवजी धातूच्या सिरिंजने, जिच्यात काचेची औषधाची नळी बसते आणि अंगठ्याच्या कड्याने दट्ट्या सहज मागे ओढता येतो. औषध तेच होते, दोन टक्के लिग्नोकेन आणि ऐंशी हजारात एक भाग अ‍ॅड्रेनॅलिन. “डोळे उघडे ठेवा आणि डावीकडच्या खिडकीचा कोपरा बघत राहा, दोन दिसले तर हात वर,” अशी सूचना आधी मिळाली. सुई आत गेली. दट्ट्या मागे ओढला. काचेच्या नळीत, सुईच्या बाजूला, केसाएवढी एक लाल रेघ वळवळत वर आली.

डॉक्टरांनी ती मला आणि शेजारी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांना दाखवली. सुई बाहेर काढली, काही वेळ बोळा दाबून धरायला लावला, नळी आणि सुई दोन्ही बदलल्या, आणि जरा वेगळ्या कोनातून पुन्हा टोचले. ओढले, स्वच्छ. फिरवून पुन्हा ओढले, स्वच्छ. मग औषध इतके हळू सोडले की मला वाटले ते विसरले. खिडकीचा कोपरा एकच राहिला. तीन-चार मिनिटांत ओठाचा डावा अर्धा भाग दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा झाला. त्यापुढचा तासभर दाढेत जे चालले होते त्याचा मला फक्त आवाज आला.

त्या लाल रेघेने माझा दवाखान्यावरचा राग बराच उतरवला हे मान्य करतो. तेथील रचनाच अशी आहे, की सुई रक्तवाहिनीत जाणे टळत नाही. गेल्याचे वेळीच कळणे तेवढे हातात असते. आणि ते कळायला लागणारा वेळ सेकंदांत मोजण्याइतका आहे.

पैशांबाबत : पहिल्या भेटीचे ३०० रुपये तपासणीचे आणि एक्स-रेचे वेगळे घेतले गेले, भुलेचे किंवा त्या दोन तासांचे काही लावले नाही. नेत्रतज्ज्ञांचा खर्च मी मागितला नाही, त्यांनीही विचारला नाही. विचारायला हवा होता असे माझ्या बायकोचे मत आहे आणि ते येथे तिच्या आग्रहावरून नोंदवतो. पहिल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दवाखान्याचा ठरावीक संदेश आला, की आमच्या सेवेला पाच तारे द्या. आदल्या दिवशी दुपारी आला असता तर दहा दिसले असते. मी आज साडेतीन देतो. दीड तारा गेला तो घाईने दिलेल्या इंजेक्शनामुळे आणि त्या गाळलेल्या ओळींमुळे.

शेवटच्या भेटीत, कॅप बसवून झाल्यावर, तरुण डॉक्टरांनी दवाखान्याच्या छापील कागदावर स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि पुढे कुठेही दातांचे काम करताना ती दाखवा म्हणाल्या. तारीख, वेळ, बाजू, औषधाचे नाव, मात्रा, लक्षणे कधी सुरू झाली, कधी थांबली, काय केले, आणि दुसऱ्या वेळी ओढल्यावर रक्त दिसले होते हेही त्यात होते. अक्षर वळणदार होते. ‘तात्पुरते’ या शब्दातला ‘पु’ मात्र दीर्घ काढला होता. लाल पेन खिशाला होते; चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आणि जिना उतरलो.